शुद्धतेची तेरीज आणि खतावणी

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने रसायनशास्त्रावर लेख लिहावा, याचे काही वाचकांना आश्चर्य वाटेल. 'तुझा जमाखर्च संपला काय रे?' असे माझ्या वर्गमित्रांनी विचारूनही घेतले. परंतु खरे सांगायचे तर हा विषय मला जमाखर्चातूनच सापडला. लेखापरीक्षणाच्या पहिल्याच तासाला आम्हाला शिकवले जाते की, तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर आहे असे नव्हे. तेरीज म्हणजे ज्याला आपण वर्गात 'ट्रायल बॅलन्स' म्हणतो ते पत्रक. दोन्ही बाजूंच्या बेरजा पैशापर्यंत जुळतात, आणि तरीही आत चूक लपलेली असू शकते. ती शोधायची तर खतावणी उघडून एकेक खाते पाहावे लागते.

रसायनशास्त्रातही अगदी असेच घडते, हे मला विज्ञान शाखेत शिकणाऱ्या माझ्या मावसबहिणीमुळे कळले. एखादी पूड '९९ टक्के शुद्ध' आहे असे म्हणणे ही झाली तेरीज. उरलेला एक टक्का कोणाकोणाच्या नावावर आहे, हे सांगते ती खतावणी. अमिनो आम्लांच्या बाबतीत ही खतावणी लिहिण्याचे काम द्रव-वर्णलेखन, म्हणजेच लिक्विड क्रोमॅटोग्राफी, करते. आणि हे काम केवळ पुस्तकी नाही. १९८९ साली अमेरिकेत पंधराशेहून अधिक माणसे एका अमिनो आम्लाच्या गोळ्या घेऊन आजारी पडली आणि त्यांतील किमान ३७ दगावली. त्या गोळ्यांतील द्रव्य शुद्धतेच्या कसोटीला पूर्णपणे उतरलेले होते!

एकूण आकडा काय सांगत नाही

आपल्या शरीरातील प्रथिने मुख्यतः वीस अमिनो आम्लांची बनलेली असतात. त्यांपैकी नऊ आम्ले प्रौढ माणसाला आहारातूनच मिळवावी लागतात. ही आम्ले एकाच घराण्यातील भावंडांसारखी आहेत. प्रत्येकात एक अमिनो गट आणि एक आम्लगट असतो; फरक असतो तो बाजूला जोडलेल्या शेपटीचा. भावंडांतील दोन तर जवळजवळ जुळीच म्हणावीत: ल्युसीन आणि आयसोल्युसीन. दोघांत कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचे अणू सारख्याच संख्येने आहेत. दोघांचा रेणुभार १३१. फरक इतकाच की शेपटीला फांदी फुटण्याची जागा वेगळी.

आता समजा, ल्युसीनच्या पुडीची शुद्धता तपासायची आहे. जुनी आणि अजूनही वापरात असलेली रीत म्हणजे अनुमापन. पूड असेटिक आम्लात विरघळवायची, ब्यूरेटमधून परक्लोरिक आम्ल थेंबथेंब सोडायचे आणि किती खर्ची पडले ते मोजायचे. हे आम्ल अमिनो गटाशी संयोग पावते. परंतु अमिनो गट ल्युसीनचा की आयसोल्युसीनचा, हे त्याला कळत नाही. पुडीत पाच टक्के आयसोल्युसीन असले तरी उत्तर येणार शंभर टक्केच, कारण रेणुभारही तोच. वाणिज्यच्या विद्यार्थ्यांना हे लगेच उमजेल. पाटलांच्या खात्यावर मांडायची रक्कम चुकून पाटणेकरांच्या खात्यावर मांडली, तर तेरजेला त्याचा पत्ताही लागत नाही!

म्हणून मोजण्याआधी वेगळे करणे आवश्यक आहे. ज्या वस्तू इतक्या सारख्या दिसतात, त्या वेगळ्या करायच्या कशा?

खडूवर चढणारी शाई

ही युक्ती समजायला प्रयोगशाळेची गरज नाही. वर्गातील एक पांढरा खडू घ्या. खालच्या टोकापासून बोटभर वर काळ्या स्केचपेनने एक ठिपका काढा. बशीत थोडे पाणी ओतून खडू त्यात उभा करा. मात्र ठिपका पाण्याच्या वर राहू द्या. पाणी खडूतून हळूहळू वर चढू लागते आणि जाताना शाईलाही ओढून नेते. थोड्या वेळाने पाहावे तर काळी शाई काळी राहिलेलीच नसते. एक रंग पुढे गेलेला, दुसरा मधेच रेंगाळलेला, तिसरा जागचा फारसा हललेलाच नाही. एका नावाखाली अनेक जण नांदत होते, ते असे उघडे पडतात.

मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या प्रारंभी नेमके हेच केले. काचेच्या नळीत खडूची भुकटी दाबून भरली, वरून पानांचा अर्क ओतला आणि मागोमाग द्रावक सोडला. हिरव्या अर्काचे हिरवे-पिवळे पट्टे नळीत वेगवेगळ्या उंचीवर उमटले. १९०६ मध्ये त्याने या रीतीला 'क्रोमॅटोग्राफी' हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ रंगाने लिहिणे. आपल्या मराठीत वर्णलेखन.

असे का घडते, हे सांगायला मी बेळगावचेच उदाहरण घेतो. दहा मित्र खडे बाजाराच्या एका टोकाकडून एकाच वेळी चालू लागले. एकाला दुकानांत काही रस नाही. तो सरळ चालत सुटतो. दुसरा कापडाच्या प्रत्येक दुकानापुढे थांबतो. तिसऱ्याला वाटेत भेटेल त्याच्याशी बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही, मग तो मराठी बोलणारा असो वा कन्नड. निघाले सगळे एकत्र, पण दुसऱ्या टोकाला प्रत्येक जण वेगळ्या वेळी पोहोचणार. तेथे एक माणूस वही आणि घड्याळ घेऊन बसला, तर केवळ वेळ पाहून तो सांगेल की कोण आला. येथे बाजार म्हणजे नळीतील स्थिर पदार्थ. मित्रांना पुढे ढकलणारी गर्दी म्हणजे वाहता द्रव. आणि दुकानांची ओढ म्हणजे त्या त्या रेणूचे स्थिर पदार्थाशी असलेले आकर्षण.

अमिनो आम्लांना मात्र रंग नसतो. त्यांना या बाजारातून चालवण्याचे श्रेय आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज या दोन इंग्रज शास्त्रज्ञांकडे जाते. इंग्लंडमधील लीड्स येथे लोकरीच्या उद्योगासाठी चालवलेल्या संशोधनसंस्थेत ते काम करीत होते. लोकर म्हणजे प्रथिनच. तिच्यातील अमिनो आम्ले वेगळी करण्यासाठी त्यांनी नवी रीत शोधली आणि ती १९४१ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यासाठी दोघांना १९५२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या लेखात त्यांनी एक भाकीतही केले होते: नळीत अतिशय बारीक कण भरून द्रव मोठ्या दाबाने ढकलला, तर पदार्थ फार सुबक वेगळे होतील. हे भाकीत प्रत्यक्षात यायला वीस-पंचवीस वर्षे लागली. दरम्यान १९५८ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड मूर, विल्यम स्टाइन आणि डॅरेल स्पॅकमन यांनी अमिनो आम्ले आपोआप वेगळी करून मोजणारे यंत्र तयार केले. नळीतून बाहेर पडणाऱ्या द्रवात निनहायड्रिन मिसळायचे. बहुतेक अमिनो आम्ले त्याने जांभळी होतात, प्रोलीन तेवढे पिवळे. रंग जितका गडद, तितके आम्ल जास्त.

यंत्र आणि त्याचा आलेख

आजच्या उच्च-कार्यक्षम द्रव-वर्णलेखनाचे यंत्र मी पाहिले, तेव्हा प्रथम थोडी निराशाच झाली. दिसायला ते एकावर एक रचलेल्या चार-पाच डब्यांसारखे. एका डब्यात पंप. दुसऱ्यात नमुना आत सोडण्याची सोय. हा नमुना एका थेंबाहूनही कमी असतो. मग पोलादी नळी, तिला स्तंभ म्हणतात. वीतभर लांब, आणि आतील पोकळी साडेचार मिलिमीटरच्या आसपास. तिच्यात मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या तीन ते पाच पट एवढ्या आकाराचे सिलिकाचे कण ठासून भरलेले असतात. त्यांतून द्रव जायचा तर नेहमीच्या हवेच्या दाबाच्या शंभर-दोनशे पट दाब लावावा लागतो.

सिलिकाच्या कणांवर बहुधा अठरा कार्बनच्या साखळ्यांचे तेलकट आवरण चढवलेले असते. ज्या रेणूंना पाणी प्रिय, ते लवकर बाहेर पडतात. ज्यांना तेल प्रिय, ते रेंगाळतात. नळीच्या तोंडाशी अतिनील किरणांचा दिवा असतो. ट्रिप्टोफॅनसारखे कडीदार आम्ल हे किरण शोषून घेते, विशेषतः २८० नॅनोमीटर लांबीचे. किरण अडले की आलेखाची रेघ वर उसळते आणि शिखर उमटते. ज्या आम्लांना अशी कडी नाही, त्यांना आधी निनहायड्रिनसारखे दुसरे द्रव्य जोडून 'दिसते' करावे लागते.

हा आलेख वाचणे कठीण नाही. आडव्या रेषेवर वेळ, उभ्या रेषेवर किरण किती अडले ते. शिखर कोणत्या मिनिटाला आले यावरून पदार्थ कोणता याचा अंदाज येतो. शिखराखालील क्षेत्रफळावरून तो किती हे ठरते. परंतु ओळख पटवायला त्याच पदार्थाचा खात्रीचा नमुना त्याच यंत्रातून पाठवून वेळ ताडून पाहावी लागते. सहीचा नमुना बँकेत असल्याखेरीज धनादेशावरील सही ओळखता येत नाही, तसेच हे. ज्या शिखराचा नमुना कोणाकडेच नाही, त्याला तात्पुरते एखादे अक्षर देतात. असेच एक अक्षर पुढे फार गाजले.

१९८९ ची हकीकत

ट्रिप्टोफॅनपासून आपले शरीर सेरोटोनिन तयार करते. झोप यावी, उदासी जावी म्हणून अमेरिकेत कित्येक लोक त्याच्या गोळ्या घेत असत. त्या औषध म्हणून नव्हे, तर आहारपूरक म्हणून, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत. १९८९ च्या ऑक्टोबरमध्ये न्यू मेक्सिको राज्यातील डॉक्टरांना तीन स्त्रियांमध्ये एकच विचित्र आजार आढळला. स्नायूंत असह्य वेदना होत्या, आणि रक्तातील इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढलेल्या होत्या. तिघींमध्ये समान गोष्ट एकच, ट्रिप्टोफॅनच्या गोळ्या. नोव्हेंबरमध्ये 'अल्बुकर्की जर्नल' या दैनिकात टॅमर स्टीबर यांनी ही बातमी दिली. त्या वार्तांकनासाठी त्यांना १९९० चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. पाठोपाठ देशभरातून रुग्णांची माहिती येऊ लागली आणि त्याच महिन्यात गोळ्या बाजारातून परत मागवण्यात आल्या.

आता प्रश्न असा की, ट्रिप्टोफॅन तर कित्येक वर्षे विकले जात होते. मग आताच काय झाले? येथे रसायनशास्त्राच्या आधी कामाला आले ते आमचे शास्त्र, म्हणजे पावत्या आणि नोंदी. मिनेसोटा राज्यातील संशोधकांनी रुग्णांच्या बाटल्यांवरील लॉट क्रमांक घेतले. त्यांचा माग दुकानदार, घाऊक व्यापारी, गोळ्या बनवणारे आणि आयातदार असा उलटा काढत ते मूळ उत्पादकापर्यंत पोहोचले. ३० रुग्णांपैकी २९ जणांनी घेतलेले ट्रिप्टोफॅन एकाच कंपनीचे निघाले. ती कंपनी म्हणजे जपानची शोवा डेन्को. ट्रिप्टोफॅन घेऊनही आजारी न पडलेल्या ३५ जणांत हे प्रमाण २१ होते.

ही कंपनी एका जातीच्या जिवाणूंकडून, आंबवण्याच्या क्रियेने, ट्रिप्टोफॅन तयार करी. मग त्या आंबवणातून ते गाळून, कोळशाच्या भुकटीने स्वच्छ करून, त्याचे स्फटिक काढले जात. तपासात दोन बदल उघडकीला आले. जिवाणूंचा नवा, जास्त उत्पादन देणारा वाण वापरात आला होता. आणि स्वच्छ करण्यासाठी घालायची कोळशाची भुकटी कमी करण्यात आली होती. दर खेपेला वीस किलोच्या जागी दहा किलो. उत्पादनखर्चाच्या तक्त्यात ही ओळ किती क्षुल्लक दिसली असेल! दोन्ही बदल बहुतांशी एकाच काळात झाल्यामुळे दोष कोणाच्या खात्यावर किती मांडावा, हे मात्र वेगळे काढता आले नाही.

मग ते ट्रिप्टोफॅन द्रव-वर्णलेखनाच्या यंत्रातून पाठवण्यात आले. मधे ट्रिप्टोफॅनचे उत्तुंग शिखर, आणि आजूबाजूला गवतासारखी इवली शिखरे. त्यांतील एका शिखराला 'ई' हे अक्षर मिळाले. रुग्णांनी वापरलेल्या १२ लॉटपैकी ९ लॉटमध्ये 'ई' होते. आजारी न पडलेल्यांच्या ११ लॉटपैकी फक्त ३ मध्ये. १९९० मध्येच या 'ई'ची ओळख पटली. ट्रिप्टोफॅनचे दोन रेणू असेटाल्डिहाइडच्या दुव्याने जोडले गेले की जो पदार्थ होतो, तो हा. त्याचे लांबलचक नाव एथिलिडीन-बिस-ट्रिप्टोफॅन. दोन रेणू जोडलेले असल्याने तो अधिक तेलप्रिय, म्हणून नळीत जास्त रेंगाळतो आणि मोठ्या शिखरानंतर बाहेर येतो. पुढे रुग्णांच्या लॉटशी संबंध दाखवणारी आणखीही काही शिखरे सापडली. आजार नेमका कोणत्या पदार्थाने झाला, यावर शास्त्रज्ञांत आजही एकमत नाही. रोगाशी नाते दाखवणे आणि रोगाचे कारण सिद्ध करणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

आता तेरजेकडे वळू. अमेरिकन औषधसंहितेनुसार ट्रिप्टोफॅन किमान ९८.५ टक्के शुद्ध असावे लागते, आणि हे लॉट त्या कसोटीत बसत होते. म्हणजे कोणी रोज दोन ग्रॅम ट्रिप्टोफॅन घेत असेल, तर नियमाप्रमाणे त्यात ३० मिलिग्रॅमपर्यंत 'इतर' चालून जाते. 'इतर' साखर असेल तर काहीच बिघडत नाही. 'इतर' दुसरे काही असेल, तर तीस मिलिग्रॅम फार होतात. टक्केवारीला हा फरक कळत नाही. तो फक्त एकेक खाते उघडल्यावर कळतो.

भेसळ, कलबेरके आणि अशुद्धी

आपण मराठीत भेसळ म्हणतो आणि कन्नडमध्ये 'कलबेरके' म्हणतात. आमच्या बाजारात हे दोन्ही शब्द आरोप म्हणूनच वापरले जातात. कोणीतरी मुद्दाम काही मिसळले, असा त्यांचा रोख असतो. ट्रिप्टोफॅनमध्ये कोणी काही मिसळले नव्हते. तो पदार्थ तयार होतानाच जन्मला आणि गाळण्यातून निसटला. अशुद्धी ती हीच.

एकूण आकड्याच्या आधाराने मुद्दाम केलेल्या फसवणुकीचे उदाहरणही आहे. अन्नातील प्रथिन मोजण्याची १८८३ सालची केल्डालची रीत प्रत्यक्षात नायट्रोजन मोजते आणि त्याला सामान्यतः ६.२५ ने गुणून प्रथिनाचा आकडा काढते. मेलॅमिन नावाच्या औद्योगिक रसायनात वजनाच्या दोन-तृतीयांश नायट्रोजन असतो. चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात ते मिसळून प्रथिनाचा आकडा फुगवला गेला. २००८ साली हे उघडकीस आले तेव्हा सुमारे तीन लाख बालके बाधित झाली होती आणि सहा मरण पावली. तेरीज येथेही जुळत होती. द्रव-वर्णलेखनाने मात्र मेलॅमिन आपल्या नावासह वेगळे दिसते.

यंत्राला काय दिसत नाही

यंत्रावर आंधळा विश्वास ठेवावा असे मात्र नाही. अतिनील दिवा, जे किरण शोषत नाही ते पाहतच नाही. दोन मित्र हातात हात घालून बाजारातून बाहेर पडले, तर वहीत एकच नोंद होते. तसेच दोन पदार्थ एकाच वेळी बाहेर आले तर शिखर एकच दिसते. मोठ्या शिखराच्या उतारावर लहान शिखर झाकले जाते. म्हणून जाणकार लोक द्रवाचे मिश्रण बदलून, स्तंभ बदलून, कधी यंत्राला वस्तुमापक जोडून तीच तपासणी पुन्हा करतात. शिवाय रेघ नेहमीच थोडी थरथरत असते. शिखराची उंची या थरथरीच्या तिप्पट असेल तर 'काहीतरी आहे' एवढेच म्हणायचे; दहापट असेल तर 'इतके आहे' असे म्हणायचे. हा नियम मला फार आवडला. आपल्या वादविवादांनाही तो लावून पाहायला हरकत नाही!

त्या प्रकरणानंतर नियमांचा भर बदलत गेला. युरोपीय औषधसंहितेत ट्रिप्टोफॅनसाठी त्या 'ई' पदार्थाची, त्याच्या नावानिशी, द्रव-वर्णलेखनाने तपासणी सांगितली आहे. रासायनिक संश्लेषणाने बनणाऱ्या नव्या औषधी द्रव्यांसाठी तर आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक नियमच आहे. रोजची मात्रा दोन ग्रॅमपर्यंत असेल, तर ०.१० टक्के किंवा दिवसाला १ मिलिग्रॅम, यांपैकी जे कमी असेल त्याहून जास्त असलेली प्रत्येक अशुद्धी ओळखून काढावी लागते. म्हणजे 'इतर' या शीर्षकाखाली मोठी रक्कम दडवण्याची सोय राहिलेली नाही. चांगल्या लेखापरीक्षकाचा आग्रह यापेक्षा वेगळा काय असतो?

आमचे बेळगाव तालमींचे गाव. आता व्यायामशाळांतून प्रथिनांचे आणि अमिनो आम्लांचे मोठमोठे डबे दिसतात, आणि त्यांवर शुद्धतेचे मोठमोठे आकडे. ग्लायसीनसारखे स्वस्त अमिनो आम्ल घालूनही नायट्रोजनवर काढलेला प्रथिनाचा आकडा वाढवता येतो, हे आता वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. डबा विकत घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. त्यावर लॉट क्रमांक आहे काय, आणि त्या लॉटचा तपासणी-दाखला मागितल्यास मिळतो काय. दाखल्यात एकच टक्केवारी असेल तर ती तेरीज समजावी. त्यात अशुद्धींची नावे आणि प्रमाण वेगवेगळे दिलेले असेल, तर कोणीतरी खतावणी उघडून पाहिली आहे असे म्हणता येईल.